कडब्याचा ट्रक, ११ केव्हीची तार आणि थांबून राहिलेला बंब

ह्या प्रकरणात माणूस कुणी दगावला नाही. एक म्हैस मेली आणि एक ट्रक जळून नुसता सांगाडा उरला, म्हणून दुसऱ्या दिवशी पेपरात चारच ओळी आल्या आणि त्यात "अग्निशमनची गाडी येऊनही ट्रक वाचवता आला नाही" असं होतं. ते खोटं नाहीये. पण गाडी आल्यापासून ट्रकवर पहिलं पाणी पडेपर्यंत जो पाऊण तास गेला तो का गेला, हे कुणी लिहिलं नाही, आणि आमच्यासारख्या छोट्या नगरपरिषदांच्या दलात नवीन पोरं येतात त्यांना सांगण्यासारखं सगळं त्या पाऊण तासातच आहे. मी शेजारच्या तालुक्यातल्या दलात आहे, तिथं हजर नव्हतो. त्या दलाचा लीडिंग फायरमन (गाडीवरच्या पोरांचा प्रमुख), लाइन दुरुस्त करणारा लाइनमन आणि गावातले दोघंतिघं यांच्याकडून ऐकून हे जुळवलंय. गावाचं, माणसांचं, कंपनीचं नाव देत नाही, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातला बीड-धाराशिवच्या शिवेवरचा भाग एवढं पुरे.

आधी परिस्थिती. रब्बीची ज्वारी निघाली की मार्चपासून पार पाऊस पडेपर्यंत ह्या पट्ट्यातून कडबा भरून गाड्या जातात. ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीय, पेंढ्या रचत रचत केबिनच्या वरपर्यंत आणि बाजूला हातहात बाहेर, वर दोर आवळलेला, उंची पंधरा-सोळा फूट सहज. आता तारांचं बघा. नियमानं ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाइन रस्ता ओलांडत असेल तर सगळ्यात खालची तार जमिनीपासून ६.१ मीटर पाहिजे, रस्त्याच्या कडेकडेनं जात असेल तर ५.८ मीटर, पण रस्ता नसलेल्या जागेवरून उघडी तार ४.६ मीटरवर असली तरी चालते, म्हणजे १५ फूट. पाणंद रस्ता नंतर मुरूम टाकून रुंद झाला, लाइन ओढली तेव्हा तिथं शेतच धरलेलं होतं. वर मे महिन्याचं ऊन, तार तापली की लांबते आणि मधोमध अजून खाली येते. म्हणजे नियमात बसणारी तार आणि नेहमीसारखा भरलेला ट्रक, दोघांची उंची जवळपास एकच. चूक कुणाची ह्यावर गावात अजून भांडणं चालूयत, मला त्यात पडायचं नाही.

दुपारी अडीचच्या आसपास ट्रक पाणंदीतून निघाला, वरच्या पेंढ्यांनी खालची तार उचलली, ट्रक पुढं सरकला तशी तार निसटून दुसऱ्या तारेवर आपटली आणि दोन फेज एकमेकांना लागल्यावर जे होतं ते झालं, मोठा आवाज, ठिणग्यांचा सडा, आणि वाळलेल्या कडब्याला तेवढं बास असतं. तार तिथंच जळून तुटली. ड्रायव्हर आणि क्लीनर दोघांनीही दारातून उड्या टाकल्या आणि पळाले. नशीब म्हणायचं. तारेखाली अडकलेल्या गाडीतून एक हात दाराला आणि एक पाय जमिनीला असा उतरणारा माणूस वाचत नाही, कारण गाडी आणि जमीन या दोघांमधला करंट त्याच्यातून जातो. खरं तर अशा वेळी आतच बसून राहायचं असतं, पण डोक्यावर कडबा पेटलाय म्हणल्यावर बसणार कोण. उतरावंच लागलं तर दोन्ही पाय जोडून, गाडीला कुठंही हात न लावता लांब उडी मारायची आणि मग पाय न उचलता घासत घासत किंवा जोडपायांनी उड्या मारत लांब जायचं. या दोघांनी हे शिकलेलं नव्हतं, घाबरून मारलेली उडीच बरोबर पडली.

दलाची गाडी वीस-पंचवीस किलोमीटरवरून आली, साडेचार हजार लिटर पाणी, सोबत लीडिंग फायरमन, ड्रायव्हर आणि दोन फायरमन, त्यातला एक कंत्राटी, नवाच. ट्रक पूर्ण पेटलेला, गावातली शंभरेक माणसं जमलेली, कुणी बादल्या घेऊन, कुणी ट्रॅक्टर आणून ट्रक ओढायच्या तयारीत, एकजण हिरवा बांबू घेऊन तार बाजूला करायला निघालेला. (हिरव्या बांबूत ओलावा असतो, ११ केव्हीला तेवढा पुरतो. वाळलेल्या काठीचाही भरवसा धरू नये.) लीडिंग फायरमननं गाडी दीडशे फुटांवर थांबवली आणि कुणालाही उतरू दिलं नाही. आधी वर बघितलं, मग खाली बघितलं, मग उतरला. ऐकायला साधं वाटतं पण पेटलेली गाडी दिसल्यावर पोरं चालत्या बंबातून उड्या टाकतात हे आम्ही सगळ्यांनी बघितलंय.

तुटलेल्या तारेची दोन टोकं होती. एक ट्रकच्या मागच्या भागावर लोंबत होतं. दुसरं, सबस्टेशनकडचं, पाणंदीच्या कडेला शेताच्या कुंपणात पडलं होतं. कुंपण काटेरी तारेचं, बाभळीच्या लाकडी डांबांवर मारलेलं, पाणंदीला धरून लांबपर्यंत गेलेलं. कुठंच ठिणगी नाही, आवाज नाही. गावातले पंखे बंद, डीपीवरचा (गावाच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज उडालेला. म्हणून सगळं गाव ओरडतंय.

"कामून थांबलाव साहेब? लाइट बंद केलीय, मारा की पाणी!"

"कुणी बंद केली?"

"सबस्टेशनला फोन लावला की मघाशीच. ऑपरेटर म्हणला फीडर ट्रिप झाला."

(फीडर म्हणजे सबस्टेशनमधून निघून गावांकडं जाणारी लाइन, ट्रिप म्हणजे ती आपोआप बंद पडणं.) इथं नव्वद टक्के दलांनी पाणी मारलं असतं, आम्हीसुद्धा, हे मला प्रामाणिकपणे वाटतं. तेवढ्यात लीडिंग फायरमनला एक गोष्ट दिसली. ट्रकपासून दोनेकशे फुटांवर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, कुंपणाजवळ एक म्हैस आडवी पडलेली. त्यानं विचारलं म्हैस कशानं मेली, तर कुणीतरी म्हणलं धुरानं. पण धूर तर दुसरीकडं चाललेला. अंगावर भाजल्याची खूण नाही, आगीची झळ तिथवर पोचत नाही, तुटलेली तार तिथून बरीच लांब. म्हशीच्या गळ्यातली साखळी मात्र डांबाला बांधलेली आणि कुंपणाच्या तारेवर टेकलेली. आणि त्याच कुंपणाला लागून, थोडं अलीकडं, त्यांचा स्वतःचा बंब उभा होता, आणि नवा पोरगा होज (बंबाचा पाइप) घेऊन कुंपणावरून टांग टाकायला निघालेला.

त्याला आवाज दिला तेव्हा पोराच्या आणि कुंपणाच्या मधे दोन पावलं होती असं ड्रायव्हर सांगतो.

मग बंब मागं घेतला, कुंपणापासून लांब, लोकांना तुटलेल्या तारेपासून आणि सगळ्या कुंपणापासून हटवलं. दलांच्या शिकवणीत पडलेल्या तारेपासून साधारण १० मीटर धरतात, तेही नुसत्या जमिनीवर पडलेल्या तारेसाठी. तारेचं टोक लोखंडी कुंपणाला, पत्र्याच्या शेडला किंवा पाइपलाइनला लागलं असेल तर ते जिथवर जातं तिथवर धोका जातो. जनावरं आधी मरतात त्याचं कारणही पोरांना समजलं पाहिजे. पडलेल्या तारेभोवती जमिनीतच व्होल्टेज पसरलेलं असतं, जवळ जास्त, लांब कमी, आणि दोन पायांमधे जेवढं अंतर तेवढा फरक अंगातून जातो. म्हशीचे पुढचे-मागचे पाय चार-पाच फुटांवर आणि मधे काळीज. माणसानं लांब टांगा टाकल्या तर त्याचंही तेच.

नंतर लीडिंग फायरमननं स्वतः सबस्टेशनला फोन लावला. हा फोन प्रकरणाचा कणा आहे, म्हणून जसा सांगितला तसा देतो.

"दादा, अग्निशमनमधून बोलतोय. ह्या गावाच्या फीडरची आत्ताची पोझिशन सांगा. मघाची नको."

"ट्रिप झालता साहेब अडीचला. मग पाच मिनिटांनी ट्रायल घेतली, होल्ड झाला."

"म्हणजे आत्ता चालू आहे?"

"हां, चालूच आहे की."

ऑपरेटरनं काही वेगळं केलेलं नव्हतं. फीडर ट्रिप झाला की थोड्या वेळानं एकदा चार्ज करून, म्हणजे परत वीज सोडून बघायचा ही रोजची पद्धत, कारण बहुतेक वेळा फांदी लागलेली असते नाहीतर पाखरू बसलेलं असतं आणि फॉल्ट निघून गेलेला असतो. पहिल्यांदा ट्रिप झाला तो दोन फेज लागल्यामुळं, तो मोठा करंट रिलेला (फॉल्ट ओळखून फीडर बंद करणाऱ्या यंत्राला) दिसला. पण नंतर तार तुटून वेगळी झाली, शॉर्ट राहिलाच नाही. उरली फक्त वाळक्या लाकडांवरच्या कुंपणात पडलेली एक तार, खाली कोरडा मुरूम, आणि एवढ्या कोरड्यातून जमिनीत जाणारा करंट इतका थोडा की रिलेच्या हिशेबात तो भरतच नाही. आपल्या घरातला आरसीसीबी ३० मिलीअँपिअर गळती झाली की पडतो, सबस्टेशनचा रिले मात्र कित्येक अँपिअर झाल्याशिवाय हलत नाही, आणि माणूस मरायला अँपिअरचा छोटासा तुकडा पुरतो. त्या कुंपणावर जमिनीच्या मानानं जवळपास ६,३५० व्होल्ट उभे होते (११ केव्ही म्हणजे दोन फेजमधलं, फेज ते जमीन एवढं भरतं) आणि सबस्टेशनच्या पॅनलवर सगळं ठीकठाक. आपल्याकडं उन्हाळ्यात मुरमाड माळावर तार पडली की हे होणारच हे धरून चाललं पाहिजे. पावसाळ्यात काळ्या रानात पडली असती तर कदाचित फीडर लगेच उडाला असता.

ट्रकवरचं टोक तर सबस्टेशनपासून तुटलेलं, मग ते मेलेलं का? तेही नाही. लाइनवर पुढं जे ट्रान्सफॉर्मर आहेत त्यांची ११ केव्हीची गुंडाळी तिन्ही फेजमधे त्रिकोणात जोडलेली असते, एक फेज तुटली तरी उरलेल्या दोन फेजमधून गुंडाळीतून फिरून त्या तुटक्या तारेवर व्होल्टेज येतं. पूर्ण नसेल, कमी असेल, पण मारायला भरपूर. हे मला त्या लाइनमननं बिडीच्या पाकिटावर काढून दाखवलं तेव्हा नीट समजलं. आमच्या ट्रेनिंगमधे "तुटलेलं टोक" असं एकवचनातच असतं.

ऑपरेटरनं फीडर उघडला, म्हणजे बंद केला. लीडिंग फायरमननं त्याचं नाव विचारून घेतलं, स्वतःचं सांगितलं, आणि मी स्वतः फोन करेपर्यंत कुणाच्याही सांगण्यावरून चार्ज करायचा नाही असं कबूल करून घेतलं. त्याच पोलवरून दुसरा फीडर जातो का तेही विचारलं, नव्हता. बऱ्याच ठिकाणी गावठाणचा आणि शेतीचा असे दोन फीडर एकाच पोलवर असतात आणि एक बंद करून लोक दुसऱ्याखाली मरतात.

तरी पाणी मारलं नाही. इथून पुढं गावाचा संयम सुटला.

फीडर उघडला म्हणजे सबस्टेशनमधून येणारी वीज थांबली एवढंच. पुढं लाइनवर दूध संकलन केंद्र होतं, त्यांच्याकडं जनरेटर. लाइट गेली की जनरेटर सुरू करतात आणि चेंजओव्हर स्विच (लाइन तोडून जनरेटर जोडणारा) नीट बसवलेला नसेल तर जनरेटरची वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमधे जाऊन वर परत ११ केव्ही होऊन बाहेर पडते. म्हणून लाइनमन येऊन एबी स्विच (पोलवरचा, लाइन तोडायचा) उघडेपर्यंत, डिटेक्टर लावून तार मेलीय हे बघेपर्यंत आणि तुटल्या जागेच्या दोन्ही बाजूंना तिन्ही तारा एकत्र बांधून अर्थिंग करेपर्यंत, म्हणजे जमिनीला जोडेपर्यंत थांबायचं. लाइनमन दुसऱ्या गावात पोलवर चढलेला, मोटारसायकलवर यायला अर्धा तास लागला.

त्या अर्ध्या तासात दल हात बांधून उभं नव्हतं, हे पेपरात यायला पाहिजे होतं. ट्रकपासून ऐंशीएक फुटांवर वाऱ्याच्या दिशेला कडब्याची मोठी गंजी आणि तिच्यामागं गोठा, ठिणग्या तिकडंच उडत होत्या. नांगरलेल्या रानातून, कुंपणाची बाजू सोडून, मागून वळसा घालून होज नेला आणि फॉग (पाण्याचा बारीक फवारा) लावून गंजी आणि गोठ्याचा पत्रा भिजवत ठेवला, पाणी ट्रककडं वाहत जाणार नाही एवढं बघून. ट्रक जाणारच होता, पेटलेला कडबा दहा मिनिटांत ट्रक खातो, आपण वेळेत आलो तरी. गंजी आणि गोठा वाचण्यासारखे होते आणि वाचले. गोठ्यातली जनावरं आधीच सोडली होती, फक्त ती म्हैस बाहेर बांधलेली राहिली.

एक बाजूची गोष्ट. गंजीच्या वाटेवर सोलर पंपाची प्लेट होती, पाच एचपीची. त्या पोरानं विचारलं, दादा लाइन बंद झाली ना आता, हिच्या खालून जाऊ का? सोलरला फीडरशी देणंघेणं नसतं. ऊन आहे तोवर प्लेटमधून स्टार्टरच्या डब्यापर्यंत काही शे व्होल्ट डीसी असतातच, डब्यावरचा स्विच पाडला तरी प्लेटपासून स्विचपर्यंतची वायर जिवंत. २०११ साली अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीजनं अग्निशामकांसाठी सोलरवर चाचण्या केल्या, त्यात १,००० व्होल्ट डीसीवर पाण्याचा सरळ जेट मारायचा तर २० फूट अंतर ठेवा असा हिशेब निघाला, फॉगला त्याहून कमी चालतं, आणि साचलेल्या पाण्यातून करंट येऊ शकतो हेही त्यात आहे. आता मागेल त्याला सोलर पंप मिळायला लागलेत, प्रत्येक शिवारात प्लेट आहे, तर हे २० फूट डोक्यात बसलेले बरे. हा आकडा ११ केव्हीच्या तारेला लावायचा नाही. तिथं बंद करून अर्थिंग, दुसरं काही नाही.

पाण्याचीही गंमत झाली. साडेचार हजार लिटर संपत आलं, विहिरी आजूबाजूला चार, पण फीडर बंद म्हणल्यावर मोटार कशी चालणार! लाइट बंद करा म्हणून आपणच ओरडायचं आणि मग विहिरीवर जाऊन बघत बसायचं. शेवटी एका शेततळ्यावरून डिझेल इंजिन लावून पाणी भरलं. खेड्यातल्या कॉलला फीडर बंद करायला सांगतानाच पुढचं पाणी विजेशिवाय कुठून येणार ते ठरवून ठेवायला पाहिजे, हे त्यांच्या रिपोर्टमधे आहे आणि मी आमच्याकडं लगेच उचललं.

लाइनमननं अर्थिंग करून हात वर केला, तेव्हा ट्रकवर पाणी पडलं. कडबा उलथून विझवणं संध्याकाळपर्यंत चाललं. त्यात टायरजवळ कुणाला जाऊ दिलं नाही, न फुटलेले दोन टायर होते. टायरमधून करंट गेला असेल किंवा तो बाहेरून भाजला असेल तर आतलं रबर धुमसत राहतं, गॅस तयार होतो आणि आग विझल्यावर कितीतरी वेळानं टायर बॉम्बसारखा फुटतो. खाणीतल्या मोठ्या डंपरना तार लागली तर २४ तास जवळ जाऊ देत नाहीत ते याच्यासाठी. इथं दोरी बांधून रात्रभर पोलीस पाटलाला सांगून माणूस बसवला. टायर काही फुटले नाहीत.

आता माझं मत. त्या दलाचं सगळंच बरोबर होतं असं नाही. बंब दीडशे फुटांवर थांबवला पण कुंपणाला चिकटून थांबवला. तारेपासून अंतर मोजलं, तारेला काय लागलंय ते आधी बघितलं नाही. म्हैस नसती तर? दुसरं, गाडीत रबरी हातमोज्यांची एक जोडी होती आणि नव्या पोराच्या डोक्यात ती घालून तार उचलता येते असं होतं. त्या मोज्यांवर ना क्लास वाचता येत होता ना टेस्टची तारीख. विजेच्या कामाच्या मोज्यांना आयएस ४७७० नावाचं मानक आहे, ते ठराविक व्होल्टेजसाठी असतात, तपासावे लागतात, एक बारीक भोक पडलं की संपलं. आमचे गमबूट तर विजेसाठी बनवलेलेच नसतात, ओले झाले, चिखल लागला की काहीच नाही. मी तर म्हणतो असले मोजे गाडीतून काढूनच टाकावेत, ते असले की माणूस जवळ जातो. तार हलवणं हे आपलं कामच नाही, ते लाइनमनचं.

आणि ऑपरेटरला दोष देणाऱ्यांना एक विचारायचंय, त्याला ट्रकचा कॉल कुणी कळवला होता? कॉल दलाला आला. दलानं निघताना सबस्टेशनला फोन केला असता तर बंब पोचेपर्यंत फीडर उघडलेला असता, लाइनमन निघालेला असता, पाऊण तासाचा कदाचित दहा मिनिटं झाला असता आणि म्हैसही... नाही, म्हैस तोवर गेलेली असणार, ती ट्रायलबरोबरच गेली असेल. वीज कंपनीचा १९१२ नंबर आहे, पण खेड्यात थेट सबस्टेशनचा ऑपरेटर गाठणं जास्त जलद, आणि तो नंबर गावात सगळ्यांकडं असतो, फक्त बंबात नसतो.

ट्रकमालकानं नगरपरिषदेत तक्रार दिली की बंब येऊनही बघत बसले. उत्तरात लीडिंग फायरमननं फक्त वेळा दिल्या: कॉल किती वाजता, पोचलो किती वाजता, ऑपरेटरशी बोलणं किती वाजता, फीडर उघडला किती वाजता, अर्थिंग किती वाजता. जागेवरच वहीत लिहिलेल्या होत्या. विद्युत निरीक्षकांकडच्या चौकशीतही त्याच कामाला आल्या. तक्रारीचं पुढं काही झालं नाही.

त्यानंतर त्या तालुक्यात दल आणि सबस्टेशनवाले एकत्र बसले. ठरलं ते असं की तार, ट्रान्सफॉर्मर किंवा पोलचा कॉल आला की निघतानाच ऑपरेटरला फोन, ऑपरेटरनं त्या फीडरची ट्रायल घ्यायची नाही आणि पॅनलवर पाटी अडकवायची, चार्ज करायचं ते ज्यानं बंद करायला लावलं त्याच्याच फोनवर. बंबाच्या केबिनमधे प्रत्येक सबस्टेशनचा नंबर आणि त्यावरच्या गावांची यादी चिकटवलीय. तालुक्यातल्या बऱ्याच सबस्टेशननी हे मान्य केलं, दोन ठिकाणी मात्र ऑपरेटर म्हणतात आम्हाला वरून लेखी पाहिजे. लेखी अजून आलेलं नाही आणि कडब्याच्या गाड्या पुढच्या मार्चात परत त्याच पाणंदीतून जाणार आहेत.